साधा फोन आपल्याला पुरेल का?



आपल्या ज्येष्ठ मंडळींच्या बैठकीत हल्ली एक विषय हमखास निघतो. कोणी म्हणते, "मी हा स्मार्टफोन मुलाला परत देणार आणि बटणांचा साधा फोन घेणार. बोलता आले म्हणजे झाले." त्यावर लगेच दुसरे कोणी विचारते, "मग कुपात होलिमचे काय करशील?" आणि चहा थंड होईपर्यंत वाद चालतो. दोन्ही बाजूंचे म्हणणे खोटे नाही. म्हणून या अंकात मी हा प्रश्न जरा नीट मांडून पाहणार आहे. इस्रायलमध्ये राहणाऱ्या, सत्तरी ओलांडलेल्या माणसाचे रोजचे व्यवहार साध्या फोनवर होतात का? कोणते होतात, कोणते अडतात, आणि अडले तर कोणाचे दार ठोठवावे लागते?

आधी "साधा फोन" म्हणजे काय ते ठरवू, कारण दुकानात या एका नावाखाली तीन वेगळ्या वस्तू मिळतात.

पहिला, बटणांचा फोन. मोठी बटणे, मोठा आवाज, काहींच्या पाठीवर संकटकाळी दाबायचे लाल बटण. यावर बोलता येते आणि एसएमएस येतात. इंटरनेट नसते, किंवा नावापुरते असते.

दुसरा, कोशर फोन. हा रब्बींच्या समितीच्या मान्यतेने चालतो. यावर इंटरनेट नाही आणि एसएमएसही नाही. समितीने बंद केलेल्या नंबरांवर फोन लागत नाही. आपल्यातली काही कुटुंबे धर्मपालनासाठी हाच फोन वापरतात. तो त्यांचा विचारपूर्वक घेतलेला निर्णय आहे. पण काही जण केवळ "साधा आणि स्वस्त" म्हणून तो घेऊन येतात आणि एसएमएस येत नाही हे त्यांना नंतर कळते.

तिसरा, स्मार्टफोनच, पण पडदा सोपा केलेला. सॅमसंगच्या फोनमध्ये "ईझी मोड" असतो. तो लावला की चित्रे आणि अक्षरे मोठी होतात, नको असलेली गर्दी कमी होते. आयफोनमध्ये २०२३ पासून "असिस्टिव्ह अॅक्सेस" नावाची अशीच सोय आहे. म्हणजे नवा फोन न घेताही जुना फोन सोपा करता येतो. ही गोष्ट दुकानदार सहसा सांगत नाही.

आता आपला एक आठवडा डोळ्यांसमोर आणा आणि एकेक काम घेऊन पाहू.

बोलणे. यात बटणांचा फोन कोणाला हार जात नाही. पोलीस १००, मागेन दाविद अदोम १०१, अग्निशामक दल १०२, वीज कंपनी १०३, पिकूद हाओरेफ १०४. हे पाच नंबर कोणत्याही फोनवरून लागतात. घाबरलेल्या, थरथरत्या बोटांना काचेच्या पडद्यापेक्षा खरे बटण बरे. श्रवणयंत्र लावणाऱ्यांनी मात्र विकत घेण्यापूर्वी कानाला लावून पाहावे, कारण काही फोन यंत्राजवळ नेले की घोंघावतात.

डॉक्टर आणि औषधे. येथे बहुतेकांची समजूत अशी की अॅपशिवाय काहीच होत नाही. तसे नाही. क्लालीतला *२७००, मक्काबीला *३५५५, मेउहेदेतला *३८३३ आणि लेउमीतला *५०७ लावून तोर, म्हणजे डॉक्टरची वेळ, घेता येते. औषधाची चिठ्ठी संगणकावर असते. औषधाच्या दुकानात कुपात होलिमचे कार्ड दाखवले की काम होते. अडचण येते ती तपासण्यांच्या निकालांची. रक्ताचा निकाल अॅपवर किंवा वेबसाइटवर आधी दिसतो. साधा फोन असेल तर नर्सला किंवा दवाखान्याच्या सेक्रेटरीला विचारावे लागते, किंवा घरातल्या कोणाला तरी तो उघडून पाहायला सांगावे लागते. या मुद्द्याकडे मी पुन्हा येणार आहे.

कोड. हल्ली बँक असो, बितुआख लेउमी असो की कुपात होलिम, आत शिरण्यापूर्वी फोनवर सहा आकडी कोड पाठवतात. हा कोड एसएमएसने येतो, म्हणून बटणांच्या फोनवरही येतो. कोशर फोनवर येत नाही. तेथे कोड तोंडी सांगणारा फोन मागवायचा पर्याय शोधावा लागतो. बऱ्याच ठिकाणी तो असतो, पण सगळीकडे नसतो. बितुआख लेउमीशी बोलायचे असेल तर *६०५० आहेच.

प्रवास. बससाठी रव-काव कार्ड पुरेसे आहे. २०२२ पासून ७५ वर्षांवरील प्रवाशांना सार्वजनिक वाहतूक मोफत आहे. कार्डावर तशी नोंद एकदा करून घेतली की अॅपची गरज राहत नाही. बस कधी येईल हे थांब्यावरची पाटी सांगते, आणि *८७८७ वर माणसाला विचारताही येते. मुविट अॅप अधिक सोयीचे आहे हे खरे, पण त्याच्याशिवाय कोणी घरी अडकून पडत नाही.

पैसे. वीज, पाणी, आर्नोना यांची बिले होराआत केवा देऊन बँकेतून आपोआप भरता येतात. एकदा फॉर्म भरला की दर दोन महिन्यांची कटकट संपली. कास्पोमातमधून रोख काढायला फोन लागत नाही. पण सहलीचे पैसे, शेजारणीच्या मुलीच्या लग्नाची भेट, मंडळाची वर्गणी या सगळ्याला आता "बिट करा" असे उत्तर मिळते. बटणांच्या फोनवर बिट नाही. तेथे पाकिटात रोख घालून द्यावी लागते. अजून तरी कोणी ती नाकारत नाही. बँकांच्या शाखा मात्र कमी होत चालल्या आहेत, आणि ज्याची जवळची शाखा बंद झाली त्याला दोन बस बदलून जावे लागते.

धोक्याची सूचना. हा मुद्दा मी मुद्दाम वेगळा काढतो, कारण येथे सोयीचा नाही, जिवाचा प्रश्न आहे. अश्दोदमध्ये भोंगा वाजल्यावर आसऱ्याला जायला ४५ सेकंद मिळतात, बेर-शेवामध्ये ६०. मामाद, म्हणजे घरातली सुरक्षित खोली, बांधणे आखाती युद्धानंतर सक्तीचे झाले. आपली कितीतरी मंडळी दिमोना, लोद, रामला येथल्या त्याआधीच्या शिकूनमध्ये राहतात. त्यांना जिने उतरून मिक्लातमध्ये जावे लागते. २०२५ च्या जूनमध्ये इराणशी लढाई झाली तेव्हा भोंगा वाजण्यापूर्वी काही मिनिटे फोनवर पूर्वसूचना येत असे. ऐंशी वर्षांच्या, काठी घेऊन चालणाऱ्या माणसाला ती मिनिटे म्हणजे तीन मजले उतरण्याइतका अवधी. स्मार्टफोनवर ही सूचना मोठ्या आवाजात येते. बटणांच्या फोनांपैकी काहींवर येते, काहींवर येत नाही. त्यामुळे घेताना हे विचारलेच पाहिजे. ज्यांच्या फोनवर येत नाही त्यांनी अशा दिवसांत टीव्ही किंवा रेडिओ चालू ठेवावा. शब्बाथ पाळणाऱ्यांसाठी "गल शाकेत" ही सोय आहे. रेडिओ शुक्रवारी संध्याकाळपूर्वी लावून ठेवायचा, तो गप्प राहतो आणि फक्त धोक्याच्या वेळी बोलतो.

आपली माणसे. शेवटचे काम, पण माझ्या मते सर्वांत अवघड. पूर्वी आपल्या समाजातली बातमी सिनेगॉगमध्ये किंवा जिन्यात कळत असे. आता ती व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर कळते. मलिदा कोणाकडे आहे, कोणाचे ऑपरेशन झाले, मिन्यानला एक माणूस कमी आहे, सगळे तेथेच. आणि लेवाया. आपल्याकडे दफन लांबवत नाहीत. सकाळी माणूस गेला तर संध्याकाळी लेवाया. ग्रुपवर निरोप टाकला की सगळ्यांना कळवले असे धरले जाते. ज्याच्याकडे व्हॉट्सअॅप नाही त्याला शिवाचे दोन दिवस उलटून गेल्यावर कळते. पन्नास वर्षांच्या मित्राला शेवटचे पोहोचवायला जाता आले नाही, हे दुःख कोणत्याही कंपनीच्या माहितीपत्रकात लिहिलेले नसते.

आता हिशोब करू. बोलणे, औषधे, बस, बिले ही कामे साध्या फोनवर होतात, थोडा जास्त वेळ लागतो इतकेच. निकाल, बिट, पूर्वसूचना आणि समाजाची बातमी ही कामे अडतात. मग जी मंडळी आनंदाने साधा फोन वापरतात त्यांची अडलेली कामे कोण करते?

मी ओळखीच्या घरांमधून जे पाहिले त्यावरून उत्तर असे: ती कामे संपत नाहीत, ती दुसऱ्याकडे जातात. बहुधा सुनेकडे किंवा मुलीकडे. सासऱ्यांचा फोन साधा झाला, आणि सुनेच्या फोनमध्ये सासऱ्यांची कुपात होलिम, सासऱ्यांची बँक आणि सासऱ्यांचे कोड आले. ती ऑफिसात बसलेली असते आणि हे घरून फोन करून विचारतात, "कोड आला, वाचून दाखवू का?" हे वाईट आहे असे मी म्हणत नाही. ज्या घरात माया आहे तेथे हे चालते. पण हा बदल कोणी ठरवून केलेला नसतो, तो होऊन जातो. आणि त्याचे दोन परिणाम होतात.

एक म्हणजे तुमच्या रक्ताचा निकाल तुमच्याआधी दुसऱ्याला कळतो. तो तुम्हाला कधी सांगायचा, किती सांगायचा, हे तेच ठरवतात. बँकेतली शिल्लकही तशीच. माणूस म्हातारा झाला म्हणून त्याला स्वतःची गोष्ट स्वतः आधी वाचण्याचा हक्क राहत नाही, असे थोडेच आहे? दुसरे म्हणजे ती सून आजारी पडली, परदेशी गेली किंवा घरात वाद झाला की सगळी दारे एकदम बंद होतात.

म्हणून माझे मत असे झाले आहे. साधा फोन व्यवहारात चालतो, पण एकट्याने चालत नाही. तो घेणाऱ्याने आपल्या किल्ल्या कोणाकडे देणार, हे फोन घेण्याआधी ठरवले पाहिजे आणि त्या माणसाला स्पष्ट विचारले पाहिजे. पासवर्ड कागदावर लिहून देण्यापेक्षा बँकेत आणि कुपात होलिममध्ये कुटुंबातल्या व्यक्तीला रीतसर परवानगी देता येते. तसे केले म्हणजे कोणी काय पाहू शकते हे तुम्हाला ठाऊक राहते, आणि नको झाल्यास ती परवानगी काढून घेता येते.

साध्या फोनच्या बाजूने एक मोठा मुद्दा नेहमी सांगितला जातो, तो फसवणुकीचा. "तुमचे पार्सल अडकले आहे, येथे दाबा", "टोलचे पैसे राहिले आहेत, येथे दाबा" असे खोटे निरोप रोज येतात. बटणांच्या फोनवर ती लिंक उघडतच नाही, म्हणून हा धोका खरोखर कमी होतो. पण चोर फोन करूनही येतो. "मी तुमच्या बँकेतून बोलतो, आत्ता आलेला कोड वाचून दाखवा" हे बोलायला त्याला इंटरनेट लागत नाही. म्हणून फोन कोणताही असो, एक नियम भिंतीवर लिहून ठेवा: आपणहून फोन करणाऱ्याला कोड सांगायचा नाही. बँकेचे काम असेल तर फोन ठेवावा आणि कार्डावर छापलेल्या नंबरावर स्वतः लावावा. शंका आली तर राष्ट्रीय सायबर विभागाचा ११९ हा नंबर आहे.

आणखी एक व्यावहारिक गोष्ट. कपाटातला जुना बटणांचा फोन बाहेर काढून सिम घालायचा बेत असेल तर थांबा. आपल्या दळणवळण मंत्रालयाने दुसऱ्या आणि तिसऱ्या पिढीचे जाळे बंद करण्याचे ठरवले आहे. म्हणजे जे जुने फोन फक्त त्या जाळ्यावर चालतात ते तेवढ्यापुरते खेळणे होतील. दुकानात "दोर ४ आहे का, आणि बोलणेसुद्धा दोर ४ वर होते का?" असे दोन्ही प्रश्न विचारावेत. फक्त पहिला विचारून भागत नाही, कारण काही फोन इंटरनेटला चौथी पिढी वापरतात आणि बोलायला तिसरी. भारतात भाच्याकडून स्वस्त फोन मागवणाऱ्यांनीही हेच विचारावे. तेथे चालणारा फोन येथल्या जाळ्याशी जुळेलच असे नाही.

"मधला" फोन, म्हणजे बटणे असून व्हॉट्सअॅप चालणारा, हा मार्ग कोणी सुचवेल. भारतात जिओफोन असाच होता आणि तो गावोगावी पोहोचला. पण २०२४ मध्ये व्हॉट्सअॅपने त्या जातीच्या फोनांवर नव्याने येणे बंद केले. मधल्या फोनचे आयुष्य दुसऱ्याच्या मर्जीवर असते, हे त्यातून दिसले.

मग ज्यांना स्मार्टफोन जड जातो पण माणसांपासून तुटायचे नाही, त्यांनी काय करावे? माझा सल्ला असा. खिशात बटणांचा फोन आणि घरात टेबलावर, चार्जरला लावलेला, सोप्या पडद्याचा स्मार्टफोन किंवा टॅबलेट. बाहेर बोलण्यापुरता एक, घरी ग्रुप आणि नातवंडांचे चेहरे पाहायला दुसरा. व्हॉट्सअॅपसाठी बटणांच्या फोनचाच नंबर चालतो, कारण पहिल्यांदा कोड येतो तो एसएमएसने. घरच्या वाय-फायवर दुसरे सिमही लागत नाही. त्यावर पाच चित्रे ठेवावीत, सहावे नको: फोन, व्हॉट्सअॅप, पिकूद हाओरेफ, कुपात होलिम, कॅमेरा.

आणि एक गोष्ट आपल्या माणसांसाठी खास. अँड्रॉइड फोनची भाषा मराठी करता येते. येथे विकत मिळणाऱ्या बटणांच्या फोनवर बहुधा हिब्रू, इंग्रजी, रशियन आणि अरबी एवढ्याच भाषा असतात. ज्यांची हिब्रू बाजारापुरती आहे आणि ज्यांनी चौथी-सातवी मराठी शाळेत केली, त्यांना "साधा" फोनच अवघड वाटतो आणि मराठी केलेला स्मार्टफोन वाचता येतो. असे मी स्वतः दोन-तीन घरी पाहिले आहे. लिहायचा कंटाळा असेल तर व्हॉट्सअॅपवर मराठीत बोलून निरोप पाठवावा.

मुलांना आणि नातवंडांना दोन शब्द. शिकवताना फोनला हात लावू नका. शाळेत आम्ही मुलाचा हात धरून अक्षर गिरवून घेत असू, पण पेन्सिल मुलाच्याच बोटांत असे. तुम्ही भरभर चार ठिकाणी दाबून "बघ सफ्ता, झाले!" म्हणता, तेव्हा सफ्ता काहीच शिकलेली नसते. एका भेटीत एकच गोष्ट. ती मराठीत वहीत लिहून ठेवायची, आणि पुढच्या भेटीत तीच पुन्हा. टेलिफोनच्या डब्यात मधोमध भोक असलेले असिमोन घालून आपण बोलत होतो, तो काळ गेला. पण कळले म्हणजे "असिमोन पडला" असे हिब्रूत अजून म्हणतात. काहींचा लवकर पडतो, काहींचा उशिरा, इतकाच फरक.

उलट, आईवडिलांना स्मार्टफोन नकोच असेल तर तो लादू नका, आणि त्यांना हवा असताना "तुला जमणार नाही" म्हणून काढूनही घेऊ नका. दोन्हींत निर्णय त्यांचा असू द्या. जे एकटे राहतात आणि ज्यांना बितुआख लेउमीकडून सिऊदची मदत मिळते, त्यांनी लखत्सान मेत्सुका, म्हणजे गळ्यात किंवा मनगटावर घालायचे मदतीचे बटण, मागून घ्यावे. न्हाणीघरात पडल्यावर कोणताही फोन हाताशी नसतो.

फोन घेण्यापूर्वी विचारायचे प्रश्न असे:

१. बोलणेसुद्धा दोर ४ वर होते का?
२. एसएमएस येतो का? हिब्रू अक्षरे नीट दिसतात का?
३. पिकूद हाओरेफची सूचना मोठ्या आवाजात येते का?
४. श्रवणयंत्राबरोबर ऐकू येते का?
५. अडलेली कामे कोण करणार, आणि त्या व्यक्तीला ते मान्य आहे का?

पहिल्या चारांचे उत्तर दुकानदार देईल. पाचव्याचे घरी बसून काढावे लागेल.

शेवटी एक विनंती आपल्या मंडळांना आणि सिनेगॉगच्या गब्बाईंना. प्रत्येक गावात कोणाकडे व्हॉट्सअॅप नाही याची यादी करा. ती फार मोठी नसेल, पंधरा-वीस नावे निघतील. ग्रुपमधल्या एकेका माणसाने त्यातली दोन-दोन नावे घ्यावीत, आणि लेवाया, मिन्यान किंवा धोक्याची सूचना आली की ग्रुपवर अंगठा दाखवण्याआधी त्या दोघांना फोन लावावा. या कामाला साधा फोनही पुरतो.